त्या वर्षी श्रावण दोन होते

कराडच्या स्टँडवर खिडकीतून जागा धरायला माणसं काय वाट्टेल ते आत टाकतात. टॉवेल, टोपी, भाजीची पिशवी. मी पत्र्याची पेटी टाकली. पेटीत नऊशे कार्डं होती, आणि ती ज्याच्या मांडीवर पडली तो ओरडला, "अहो, जीव घ्याल!"

"जागा धरा माझी," मी खालून म्हटलं.

"धरली. आता मी उठू कसा ते पण सांगा."

१९७८ चा नोव्हेंबर. पाटणहून सांगलीला जाणारी एस.टी. गर्दीत कोपरं मारत मी आत पोचले, तर हा बाबा माझी पेटी उघडून बसलेला! एक कार्ड बोटांत धरून खिडकीच्या उजेडात बघत होता. माझ्या डोक्यात सणक गेली. परक्या बाईची पेटी उघडायची म्हणजे काय?

"ए… के… ए… आर… ए… एम," तो पुटपुटला. "आकाराम. हे तुमचे… कोण?"

शिवी ओठावर आलेली तिथंच थांबली. कार्डावर अक्षर छापलेलं नव्हतं, नुसती भोकं होती. मी दोन वर्षं साखर कारखान्यात ती भोकं पाडत होते आणि मलाही ती तक्त्याशिवाय वाचता यायची नाहीत. हा पेपर वाचावा तशी वाचत होता.

"शेतकरी आहेत आमच्या गावचे," मी म्हटलं. "नवऱ्याला पेटीत घालून हिंडतं का कोणी?"

"नाही… म्हणजे… विचारून ठेवलेलं बरं." आणि तो कानापर्यंत लाल झाला.

गोपाळकृष्ण वैद्य. वाईचा. कोयनानगरला धरणाच्या ऑफिसात पाण्याच्या पातळीची गणितं करायचा. सांगलीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटरवाल्यांची तीन दिवसांची परिषद होती, तिथंच निघाला होता. मीही तिथंच. मी विजयमाला. बाप निवृत्त सुभेदार, घरी ऊस, स्वतः बी.एस्सी. प्रोग्रॅम लिहायची भाषा एका फाटक्या पुस्तकावरून शिकलेली. कारखान्यात पाडलेली कार्डं पुण्याला जायची; कॉम्प्युटर म्हणून जे यंत्र असतं ते तोपर्यंत डोळ्यांनी पाहिलेलंसुद्धा नव्हतं. हे मी त्याला सांगितलं नाही. रुबाबात सांगितलं, "तोडीच्या पाळीचा प्रोग्रॅम करतेय मी. कुणाचा ऊस आधी तोडायचा, कुणाचा नंतर, ते यंत्र ठरवणार. लालासाहेब असो, अर्जुना असो, वशिल्याचा कोणी असो, यंत्राला ओळख नाही."

"आणि ठरवणार कशावरून?"

"लागणीच्या तारखेवरून. जो आधी लावेल त्याचा आधी तुटेल. आमचे शेतकरी तारीख सांगत नाहीत, तिथी सांगतात. तिथी कार्डावर आहे. हे बघा, आकारामतात्यांचं. श्रावण वद्य पंचमी."

त्यानं कार्ड पुन्हा उजेडात धरलं. भुवया जवळ आल्या.

"कुठला श्रावण?"

"कुठला म्हणजे?"

"गेल्या साली श्रावण दोन होते ना. आधी अधिक, मग खरा. एक महिन्याचा फरक पडतो."

मला हसूच आलं. वाईच्या पोराला पंचांग पाठ असणारच! मी म्हटलं, "वाईकर, पंचांग तुमचं, शेत आमचं. अधिक म्हणजे धोंड्याचा महिना. धोंड्यात आमच्याकडं नवं काम कोणी काढत नाही. ऊस तर नाहीच नाही."

"नक्की?"

"शेतकऱ्याची पोर आहे मी."

हे वाक्य मी त्या तीन दिवसांत किती वेळा म्हटलं, ते आठवलं की आजही मान खाली जाते.

परिषदेत चाळीस पुरुष आणि मी एकटी बाई. पहिल्या दिवशी माझ्याशी कोणी बोललं नाही, पण बघितलं सगळ्यांनी. एकानं तर विचारलं, "ताई, टायपिस्ट का?" मी म्हटलं, "नाही दादा. तुम्ही?" तो गोरामोरा झाला आणि मागच्या बाकावरून वाईकर खोकल्यासारखं हसला.

पुण्याहून आलेल्या साहेबांनी जोड्या पाडल्या. प्रत्येक जोडीनं तीन दिवसांत एक खरं काम यंत्रावर करून दाखवायचं. शेवटच्या दिवशी त्यातला एक माणूस निवडून मुंबईच्या संस्थेत वर्षभर शिकायला पाठवणार होते. वर्षभर! रोज यंत्रावर हात! मला ती जागा हवी होती, आणि ती का हवी होती तेही सांगून टाकते. वडील म्हणाले होते, "परिषद करून ये. मग ते विट्याचं स्थळ बघू." मुंबई मिळाली तर मी सुटणार होते. नाही मिळाली तर विटा.

माझी जोडी वाईकराशी लागली. "योगायोग बघा," मी म्हटलं.

"कसला योगायोग? मी साहेबांना जाऊन सांगितलं."

"काय सांगितलं?"

"की मला उसात रस आहे."

असा तो. बोलायचा हळू, पण नेमका. तिथीची तारीख करायचा भाग त्यानं लिहायचा, पाळी लावायचा मी. यंत्राच्या खोलीत थंडगार हवा आणि यंत्राची घरघर. एका कागदावर दोघांची डोकी. माझी वेणी त्याच्या लिहिण्यावर पडायची. तो ती उचलून बाजूला करायचा नाही… थांबायचा. मी ती मुद्दाम उशिरा मागं टाकायची. एवढंच. पण एवढ्यावर मी दोन रात्री नीट झोपले नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर भडंग खात बसलो होतो. नदीचं पाणी उतरलेलं, पायऱ्या अजून उन्हानं कोमट. त्यानं पुन्हा तेच काढलं.

"विजयमालाबाई, श्रावणाची कार्डं दोनशे बारा आहेत. कारखान्याला ट्रंक कॉल लावू. तुमच्या शेतकी ऑफिसात विचारू, कुणाचा कुठला श्रावण. अधिकसाठी कार्डावर एक जागा रिकामीच आहे."

"तुम्हाला माझ्यावर विश्वास नाही का?"

"तसं नाही…"

"मग कसं? मी सांगते ना, धोंड्यात लावत नाहीत. तुम्ही ऊस बघितलाय कधी? रसवंतीबाहेर?"

तो माझ्याकडं बघत राहिला. डोळ्यांत हसू होतं, आणि हार मानलेली होती. मग म्हणाला, "बरं. तुम्ही म्हणताय ना… झालं तर मग."

सगळे श्रावण खरे श्रावण धरून त्यानं त्याचा भाग पुरा केला. त्याच्यातला गणिती नाही म्हणत होता, पण त्यानं माझं ऐकलं. एका पुरुषानं माझं ऐकलं या आनंदात मी भडंगाच्या पुडीतले शेंगदाणे वेचून त्याच्या तळहातावर ठेवले. केवढी खूश होते मी! आणि फोन नको म्हणण्याचं खरं कारण मला माहीत होतं. ट्रंक कॉल लावला असता तर तिकडचा कारकून म्हणाला असता, "बाई, एवढंबी ठाव न्हाई व्हय?" ते मला ऐकायचं नव्हतं.

तिसरा दिवस. शेवटचा. कारखान्याची जीप सकाळीच आली. जीपमधून चार शेतकरी उतरले. यादी दाखवायची तर शेतकरी हवेतच, म्हणून साहेबांनी बोलावून घेतलेले. त्यात आकारामतात्या. डोक्याला पटका, हातात काठी, आणि चेहऱ्यावर असं की यंत्र काय ते बघूच. मला बघून म्हणाले, "सुभेदाराची माली न्हवं तू? लय मोठी झालीस की गं!"

चाळीस जणांत "माली" ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी नुसती मान हलवली आणि पुढं सटकले. तेही लिहून ठेवते. लपवायचं काय.

आमची पाळी आली. मी कार्डं घातली, यंत्रानं ती भराभरा गिळली, आणि लांबलचक कागद बाहेर यायला लागला. साहेब स्वतः कागद हातात धरून वाचायला लागले. नाव, पाळी. नाव, पाळी. लोक टाळ्या वाजवायच्या बेतात होते.

"बिराप्पा धनगर, एकशे दहा… आकाराम मोरे, एकशे नव्वद…"

"थांबा वाईच." काठी आपटली. "बिराप्पाचा आदी कसा?"

साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. "काय झालं?"

"आवं, त्यानं माझ्या मागनं ईस दिसांनी लावलाय. बांधाला बांध हाय आमचा. माझा ऊस त्याच्या आदी तोडीला आला. त्याचा आदी तोडला तर माझ्या उसाला तुरा यील, पोकळ पडंल सगळा. तुमचं यंत्र दारू पितंय का?"

सभागृह फुटलं. चाळीस माणसं खो खो हसली. परवाचा तो टायपिस्टवाला तर बाक बडवत होता.

साहेबांनी विचारलं, "तुम्ही कधी लावला?"

"श्रावणात. धोंड्याच्या. वद्य पंचमीला. नदीला पानी हुतं, बेनं तयार हुतं, मग थांबायचं कशापायी? हिच्याच बापानं सांगितलं. सुभेदार म्हनला, तात्या, पलटनीत धोंडा नसतोय. त्यानंबी त्याच हप्त्यात लावला की! त्याचं बघून निम्म्या गावानं लावला."

माझा बाप! माझ्याच घरचा ऊस धोंड्यात लावलेला, आणि मी बांधावर गेले नव्हते. दोन वर्षं नव्हते गेले. पायाला चिखल लागतो, लोक म्हणतात सुभेदाराची शिकलेली पोर खुरपं घेऊन हिंडते, म्हणून. पेटीत माझ्या बापाचंसुद्धा कार्ड होतं. ते मीच पाडलेलं. ती जागा मीच रिकामी सोडलेली.

साहेबांचा आवाज कडक झाला. "अधिक महिन्याचा विचार कोणी केला नाही? तारखांचा भाग कोणाचा?"

मी उठायला हवं होतं. उठायला एक पळ लागतं. माझ्या डोळ्यांपुढं मुंबई आली, मग विटा आला, आणि मी बसून राहिले.

गोपाळकृष्ण उठला. "तारखांचा भाग माझा, साहेब. चूक माझी."

"वाईचे ना तुम्ही? पंचांगाच्या गावचे?" पुन्हा हशा.

"हो," तो म्हणाला आणि बसला. माझ्याकडं बघितलंही नाही.

जेवणाच्या सुट्टीत तो पाठीमागच्या पायऱ्यांवर एकटाच बसलेला. मी गेले ती भांडायलाच गेले. लाज वाटली की मला राग येतो. दुसरं काही येतच नाही.

"कोणी सांगितलं होतं तुम्हाला उठायला? माझी दया आली?"

"दया कसली… मी लिहिलं, मीच उठलो."

"मी सांगितलं म्हणून लिहिलंत!"

"ऐकायचं का नाही, ते माझ्या हातात होतं." त्यानं एक काडी उचलली, मोडली. "एक सांगू? राग येईल."

"आलेलाच आहे."

"मी उठलो तेव्हा मला वाटलं… तुम्ही पण उठाल. दोघं उभे राहू. हसतील ते दोघांना हसतील." मग खांदे उडवून म्हणाला, "नाही उठलात. चालायचंच."

थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. तो चिडलाही नव्हता. बसायला जागा करत बाजूला सरकला होता, आणि तिथं बसायची माझी लायकी नव्हती. मी उभीच राहिले. म्हटलं, "जेवलात?"

"भूक नाही."

"मलापण."

घंटा झाली.

समारोपाला साहेब उभे राहिले. चांगलं बोलले, लांब बोलले, आणि मग म्हणाले, "एका प्रोग्रॅममध्ये तारखांची गडबड झाली, पण पाळी लावण्याचा भाग उत्तम होता. तो लिहिणारीचं शिक्षण कोणत्याही संस्थेत झालेलं नाही. मुंबईसाठी निवड… कुमारी विजयमाला."

टाळ्या. मी चालत व्यासपीठावर गेले. माईकसमोर उभं केलं मला. दोन शब्द बोला म्हणाले. समोर चाळीस तोंडं. त्यात गोपाळकृष्ण टाळ्या वाजवत होता. मनापासून! कुठून आणलं असेल एवढं मन, देव जाणे.

"तारखांची चूक माझी आहे," मी म्हटलं. आवाज चिरकला. "वैद्यांनी बसमध्ये विचारलं, कुठला श्रावण. घाटावर विचारलं. ट्रंक कॉल लावू म्हणाले. मी नको म्हटलं. मी म्हटलं, मी शेतकऱ्याची पोर आहे, मला माहीत आहे. मला काहीही माहीत नव्हतं. माझ्या बापानं ऊस कधी लावला तेही माहीत नव्हतं, कारण मला शेतात जायची लाज वाटायची. आणि सकाळी ते उठले तेव्हा मी गप्प बसले. मुंबई जाईल म्हणून."

मागून कोणीतरी म्हणालं, "बायका म्हटल्यावर…"

"बायका नाही," मी तिथूनच म्हटलं. "मी. माझं नाव विजयमाला मानसिंग जाधव. चूक माझ्या नावावर घाला, बायकांच्या नाही."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला. "बसा," म्हणाले. दुसऱ्या दोघांशी खालच्या आवाजात बोलले. मग जाहीर केलं: मुंबईला गोपाळकृष्ण वैद्य जातील. शंका ज्याला आली, त्यानं जावं.

तो उठला. "साहेब, मी ही जागा…"

मी खुर्चीतून त्याच्याकडं असं बघितलं की तो अडखळला. नको म्हणून तर बघ! आधीच एक उपकार अंगावर होता, दुसरा मला पेलवला नसता. त्याला ते कळलं बहुतेक. म्हणाला, "…घेतो. आभारी आहे."

संपलं. लोक पिशव्या उचलून पांगले. टायपिस्टवाला जाताना माझ्याकडं न बघता गेला. बाहेर आवारात ऊन कलतं झालं होतं, आणि मी पेटी घेऊन जीपशी उभी होते. आकारामतात्या पुढच्या सीटवर बसून पाय चोळत होते.

"माली, सोमवारपासनं तोड लागनार. यादीचं काय करतीस?"

"उद्यापासनं बांधाबांधावर जाते, तात्या. दोनशे बारा जणांना विचारते. कार्डं नवी पाडते."

"दोनशे बारा! चार दिसांत? एकली?"

"मी येतो." गोपाळकृष्ण मागून आला होता, खांद्याला पिशवी. धावत आल्यासारखा दम लागलेला. "माझी रजा सोमवारपर्यंत आहे. मुंबई जानेवारीत."

तात्यांनी पटक्याखालून त्याला डोक्यापासून चपलांपर्यंत न्याहाळलं. "आनि गावात लोक विचारतील, माली संगं ह्यो कोन? तर काय सांगायचं आमी?"

ड्रायव्हर किल्ली फिरवायचा थांबला. मागे बसलेले तिघं शेतकरी पुढं वाकले. गोपाळकृष्णानं तोंड उघडलं. मला दिसलं, तो काहीतरी सभ्य सांगणार होता. सहकारी. ऑफिसचे. माझी अब्रू झाकणार होता. आणि मी पुन्हा गप्प बसून ती झाकून घेणार होते.

"तात्या," मी म्हटलं, "यांनी मला विचारलेलं नाही. मी आपली सांगते. हे मला आवडलेत. लग्न करीन तर यांच्याशीच. ते हो म्हणाले तर."

मला वाटलं, जमीन फाटावी. भर दिवसा, चार म्हाताऱ्यांसमोर, पोरीनं स्वतःच्या तोंडानं! माझे कान तापले, गाल तापले, पेटी हातातून निसटायला लागली. त्यानं ती खालून धरली.

"मी… मला विचारायचं होतं," तो म्हणाला. "काल घाटावर. पण तुम्ही मला ऊस बघितलाय का विचारलंत, आणि माझा धीरच गेला."

"मग आता?"

"आता काय… हो." आणि पुन्हा कानापर्यंत लाल.

"बामनाचं दिसतंय," तात्या ड्रायव्हरला म्हणाले, जणू आम्ही तिथं नव्हतोच. मग माझ्याकडं वळून, "सुभेदाराला कवा सांगनार?"

"आज. घरी गेल्या गेल्या."

"आमी अंगनातच थांबतो मग. आत येत न्हाई. त्येचा पट्टा लय लांब हाय." मागचे तिघं हसले. हसण्यात टोचणी नव्हती. "आनि तुझी आई रं, वाईकर? ती काय म्हनंल?"

"ती… बोलायची नाही. महिनाभर."

"महिना म्हंजी बराय. बस गड्या, बस मागं."

मागच्या फळीवर दाटीवाटीत आम्ही बसलो. जीप सांगलीतून बाहेर पडली. दोन्ही बाजूंना उभा ऊस, काहींवर तुरे यायला लागलेले. मी त्यातला एक एक फड बघत होते. हा कधी लावला असेल? हा? काही कळत नव्हतं. शिकायचं होतं सगळं.

सकाळची गोष्ट अजून सलत होती. तो उठला होता आणि मी बसले होते, ते काही माईकवर बोलून पुसलं गेलं नव्हतं. मी त्याच्याकडं बघू शकत नव्हते. खड्ड्यात जीप आदळली आणि त्याचा हात माझ्या हातावर पडला. तो उचलायला लागला… उचलला नाही.

"लाज वाटते?" त्यानं हळूच विचारलं.

"लय," मी म्हटलं. आणि हात तिथंच ठेवला.